आमच्या नळाचा आवाज

एम.ए.चं सगळं उरकलं होतं, एक श्रुतिका तेवढी राहिली होती. श्रुतिका म्हणजे रेडिओसाठीचं नाटक. लिहायचं आपणच, आवाज गोळा करायचे आपणच, जोडायचं आपणच, आणि शेवटी बाहेरगावच्या परीक्षकांपुढं वाजवून दाखवायचं. विभाग नांदेडला, घर लातूरला, आणि दोन्हीच्या मधे एसटीच्या खिडकीला डोकं आपटत मी. आदल्या वर्षी ह्याच एका गोष्टीत मला पाडलं होतं. पुण्याहून आलेल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पात्रं नुसती बोलतायत. ही श्रुतिका आहे की हळदीकुंकू? आवाज कुठे आहेत?" वर्ग हसला. मीही हसले, आणि नंतर जिन्यात बसून रडले.

घरी सांगितलं तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दुकानाचं शटर ओढता ओढता निकाल दिला. "एक बार अजून. औंदा पास झालीस तर पुढं शिक, नोकरी कर, काय करायचं ते कर, मी मधी येणार न्हाई. न्हाई झालीस तर धर्माबादवाल्यांना होय म्हणतो. मंग तोंड वाकडं करायचं न्हाई." अप्पा शब्द देताना लई वेळ घेतात, पण दिला की फिरवत नाहीत. म्हणजे माझं सगळं त्या वीस मिनिटांच्या आवाजावर येऊन बसलं होतं.

धर्माबादवाले म्हणजे मिरचीचे व्यापारी. आमच्यातलेच, लिंगायत. मुलगा सरळ होता, शिकलेला होता, फोटोत तरी बरा दिसत होता. नाव ठेवायला कुठं जागाच नव्हती, ह्याचाच मला संताप यायचा. आणि अव्वा तर त्या घरावर पार भाळली होती. आईला आम्ही अव्वा म्हणतो, उदगीरकडची सवय. मुलावर नाही हां, घरावर. बघून आल्यापासून तिचं एकच चालू होतं, "त्येंच्या नळाला रोज पाणी येतंय गं. रोज. मी सोता मोरीत जाऊन बघितलंय. तोटी फिरवली की धो धो." बाकीच्या आया मुलाचा पगार सांगतात, माडी सांगतात. माझी आई नळ सांगत होती.

तिला तरी काय बोलणार. त्या दुष्काळात लातूरला पाणी कधी सुटेल हे कुणाच्या बापाला माहीत नसायचं. सुटलं की सुटलं, आणि त्या वेळेला घरात माणूस नसेल तर पुढची बारी येईपर्यंत बसा बोंबलत. त्यामुळं घर कधी मोकळं राहायचं नाही. लग्नाला गेले तरी एक जण नळाला ठेवून जायचे. पाहुणे यायचे ते आपली बाटली पिशवीत घालून यायचे, आणि आपण पाणी विचारायच्या आधीच म्हणायचे, पिऊनच आलो बघा. विचारणाऱ्याचीही इज्जत राहायची आणि येणाऱ्याचीही.

अप्पांचं भांड्याचं दुकान. त्या वर्षी पितळेच्या समया आणि स्टीलचे डबे आत धूळ खात पडले होते, आणि प्लॅस्टिकचे ड्रम रस्त्यापर्यंत आले होते. ड्रम आले की संपायचे. अप्पांना गिऱ्हाईक बघून बरं वाटायचं आणि बरं वाटल्याची लाज वाटायची. मग ते गिऱ्हाइकाला नव्या जिल्ह्याचं सांगत बसायचे. उदगीर जिल्हा होणार अशी आवई दर झेंडावंदनाला उठायची, आणि झेंडा उतरला की बसायची. अप्पा मूळचे उदगीरचे, त्यांचा विश्वास काही हलत नव्हता. "एकदा जिल्हा होऊ दे, मंग बघा. जिल्ह्याला पाणी द्यावंच लागतंय सरकारला." मी एकदा म्हटलं, "अप्पा, आपण जिल्ह्याच्याच गावात राहून राहिलो की. लातूर काय तालुका हाय?" त्यावर ते "तुला लई कळतंय" एवढंच म्हणाले आणि ड्रमावरची धूळ पुसायला लागले.

आता नळाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या गल्लीत तोटी कुणी बंद करायचंच नाही. चोवीस तास उघडी, कान तिकडं. पाणी सुटलं की आधी पाणी येत नाही, हवा येते. सगळा पाइप कोरडा ठणठणीत पडलेला असतो, लांबून कुठून तरी पाणी त्या हवेला ढकलत येतं. पहिल्यांदा बारीक सूं असं वाजतं. मग खर्र. मग तोटी म्हाताऱ्या माणसासारखी खाकरते, दोनदा तीनदा, तांबडं गढूळ थुंकते, आणि मग पाणी. आम्ही म्हणायचो नळ खाकरला. झोपेतलं माणूस उठायचं, तापातलं उठायचं. हातातला घास ताटात टाकून बायका पळायच्या. त्या दिवसांत आमच्या कानाला त्याच्याइतका गोड आवाज दुसरा नव्हता, हे मी अगदी सरळ सांगते.

पुण्याच्या बाईंना आवाज पाहिजे होते ना? घ्या मग, असं मी ठरवलं. नवी श्रुतिका लिहिली. एक घर. बाप टीव्हीपुढं नव्या जिल्ह्याच्या बातमीची वाट बघतोय. आई पाण्याची वाट बघतेय. पाहुणे मुलीच्या होकाराची वाट बघतायत. सगळे एकमेकांवर तोंडसुख घेतायत, भांडण चढत चढत जातं, आता मुलगी काय तो जवाब देणार, आणि तेवढ्यात मोरीत नळ खाकरतो. सगळे गप. मग पावलं, भांडी, पळापळ. संपलं. त्यानंतर एक शब्द नाही. संवाद माझ्या विभागातल्या मित्रमैत्रिणींनी नांदेडला म्हणून दिले होते, ते झकास झाले होते. फक्त शेवटचा आवाज बाकी होता, आणि तो काही माझ्या हातात नव्हता.

विभागातलं रेकॉर्डिंगचं यंत्र माझ्या गाईड सरांनी आपल्या जबाबदारीवर दिलं होतं. ते मी मोरीत स्टुलावर ठेवलं, ओढणीत गुंडाळून, आणि वाट बघत बसले. अभ्यासासाठी पाण्याची वाट बघणारी अख्ख्या लातुरात मी एकटीच असेन. रोज सकाळी बॅटरी बघायची, रोज संध्याकाळी शिव्या द्यायच्या. परीक्षा जवळ आली तरी नळाला काही कंठ फुटेना. पाणी परीक्षेच्या आत आलं नाही तर काय? महादेवाला नवस बोलायचा तर काय बोलणार, सगळं गाव आधीच बोलून बसलं होतं.

आलं एकदाचं, भर दुपारी. सूं झालं तशी मी यंत्र चालू केलं. अव्वा घागर घेऊन पळत आली आणि तोंड उघडणार, तेवढ्यात मी ओठावर बोट ठेवलं. दार लोटून घेतलं. आम्ही दोघी त्या एवढ्याशा मोरीत नळापुढं उभ्या. अव्वानं तोंडात पदर कोंबला होता आणि घागर पोटाशी धरली होती, वाजू नये म्हणून. नळ खाकरला, थुंकला, पाणी लागलं. पहिलं गढूळ पाणीसुद्धा आम्ही कधी सोडायचो नाही, संडासाला चालायचं. त्या दिवशी ते अव्वानं माझ्यासाठी मोरीत वाहू दिलं. डोळ्यांनी विचारत होती, झालं का, झालं का. मी मान हलवली तेव्हा तिनं घागर लावली.

त्या आवाजावर माझा एवढा जीव जडला की विचारू नका. एसटीत, जेवताना, कुठंही हेडफोन लावून ऐकायची. ऐकून ऐकून हेडफोनची वायर तुटली. म्हणून एका सकाळी, सगळं जोडून झाल्यावर, मी लॅपटॉपला मोठा स्पीकर लावला आणि श्रुतिका पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला बसले. मधल्या खोलीत होते, गल्लीकडची खिडकी सताड उघडी. आत अव्वा पूजेला बसली होती.

अव्वाची पूजा म्हणजे आंघोळ करून, विभूती लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडं बघत बसायचं. ती झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. आणि पूजेतून कधी उठत नाही. दारात पाहुणे येऊ देत, दूध उतू जाऊ दे. तिचे वडील वारल्याचा निरोप आला तेव्हाही ती पूजा संपवून उठली आणि मग रडली. दुष्काळात एका तांब्यात आंघोळ करायची, पण पूजा चुकवली नाही.

श्रुतिकेत भांडण चढलं. बाप ओरडला, पाहुणे ओरडले, मुलगी म्हणाली, "मला एक सांगू द्या." आणि नळ खाकरला.

माझ्या मागून अव्वा पळत गेली. डाव्या तळहातावर लिंग तसंच, उजव्या हातात घागर, कपाळावर ओली विभूती. बाहेर गल्लीत कुणीतरी आलं आलं म्हणालं आणि भांड्यांचा एकच खडखडाट उठला. समोरच्या काकूंनी मोटर लावली, ती कोरडीच घरघरायला लागली. कुणाचं तरी पोर जिन्यावरून धडपडलं. हे सगळं मी केलंय हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आणि आलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा अंगावर काटा आला तो आनंदाचा होता. जमलं, असं वाटलं. आता पुण्याच्या बाईच काय, कुणीही पास करेल.

मग मी मोरीत गेले. अव्वा नळाखाली घागर टेकवून वाकली होती. तोटीत बोट घालून बघत होती.

"अव्वा," मी म्हटलं, "ते लॅपटॉपवर होतं."

तिला लवकर समजलं नाही. समजलं तेव्हा तिनं घागर बाजूला सारली आणि तळहाताकडं बघितलं. "मी पूजेतून उठले," ती म्हणाली. मला नाही म्हणाली, लिंगाला म्हणाली.

पूजेतून उठलं, मोरीत उतरलं, म्हणजे पुन्हा आंघोळ पाहिजे. आंघोळीला पाणी कुठं होतं? होतं ते पिण्यापुरतं. अप्पा म्हणाले, दुकानाजवळून जारचं पाणी आणतो. अव्वा म्हणाली, "प्यायचं इकतचं पाणी अंगावर ओतू? लोक थुंकतील तोंडावर." आंघोळ नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून जेवण नाही. मी हात जोडले, पाया पडले, रागावले, माझंही ताट बाजूला सारलं. काही उपेग झाला नाही. तो सबंध दिवस ती उपाशी राहिली, पाणीसुद्धा नाही, आणि वर मलाच जेव जेव म्हणून मागं लागली.

दुपारी समोरच्या काकू येऊन माझी बिनपाण्यानं करून गेल्या. मी म्हटलं, अभ्यास होता काकू. "असला कसला मेला अभ्यास," त्या म्हणाल्या, "पाण्याची चेष्टा करू नये पोरी." त्या गेल्यावर अव्वा भिंतीला टेकून बसली होती, ओठ पार वाळले होते. मला वाटलं आता हीसुद्धा बोलणार. ती म्हणाली, "ते घरात पुन्यांदा वाजवू नको गं. माझं काळीज जाग्यावर ऱ्हात न्हाई." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पर त्या बाईला ऐकव. पास करत्याल तुला."

नांदेडला गाईड सरांनी ऐकलं. सर भला माणूस, पण गोदावरीच्या काठचा, कोरडा नळ कधी न ऐकलेला. शेवटाला आले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इथं माइकमधे हवा भरली का गं? काढून टाकू. एक बटण दाबलं की साफ होतं." मी जवळजवळ त्यांचा हातच धरला. सगळं समजावून सांगितलं, पाइपातली हवा, उघडी तोटी, गल्ली. "माझी आई पूजेतून उठली सर ह्याला," मी म्हटलं. सरांनी बटणावरचं बोट काढलं. "मग राहू दे," म्हणाले. "पण बाई पुण्याच्या आहेत, एवढं ध्यानात ठेव."

परीक्षेला त्याच बाई. त्यांना मी आठवत होते, कारण बघून जरा हसल्या. श्रुतिका चालू झाली. नव्या जिल्ह्याच्या बापाला त्या चक्क मोठ्यानं हसल्या. भांडण चढलं तशा टेबलावर पुढं झुकल्या. मी मनात म्हणाले, अव्वा, बसलं बघ गणित. आणि मग नळ खाकरला, आणि बाईंनी हात वर केला.

"थांबवा. फाईल बिघडली आहे का?"

"नाही बाई. तोच शेवट आहे."

"कसला शेवट? ही घरघर?"

मी सांगितलं. नळ, हवा, सगळं. भराभरा सांगत होते आणि सांगता सांगताच मला कळत होतं की मी बुडत चाललेय. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. वाईट बाई नव्हत्या त्या. उलट वाईट असत्या तर बरं झालं असतं.

"हे तू प्रत्येक श्रोत्याच्या घरी जाऊन समजावणार का?" त्यांनी विचारलं. "रेडिओवर जे ऐकू येतं तेवढंच असतं. मला पाणी ऐकू आलं नाही."

"बाई, लातुरात हे वाजवलं तर अख्खी गल्ली पळते. पळाली."

"मग ती लातूरची गल्ली आहे. मी नाही."

माझा आवाज चढला. मी म्हणाले, माझी आई तळहातावर देव घेऊन पळाली ह्या आवाजाला, आणि तुम्ही घरघर म्हणता. सर खुर्चीत चुळबुळले. बाईंनी पेनचं टोपण लावलं आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या आईला ठाऊक होतं काय येणार आहे ते. मला नाही ना. मला ते कळायला तू काय केलंस, ते सांग."

मी म्हटलं, एक वाक्य घालते. शेजारीण बाहेरून ओरडते, नळ आले हो.

"परत संवाद?" बाई म्हणाल्या. "संध्याकाळी माझी गाडी आहे. त्याच्या आत मला पाणी ऐकव. खळाळतं, सरळ. नाहीतर मला शेवट नाही असंच लिहावं लागेल, आणि शेवट नसलेली श्रुतिका मी पास करू शकत नाही."

मी बाहेर आले. सर मागोमाग आले, पण त्यांच्याकडं बघायची मला हिंमत झाली नाही. डोळ्यांपुढं धर्माबाद आलं, मिरचीची पोती आली, आणि अव्वाचे वाळलेले ओठ आले. बाईंशी वाद घालून नापास व्हायचं आणि त्या मोरीत जाऊन रोज धो धो पाण्याखाली भांडी घासायची, की आपल्या हातानं आपला शेवट काढून फेकायचा. मला दोन्ही नको होतं. तिसरं काही नव्हतं. घरच्या रेकॉर्डिंगात पाणी होतं ते बारीक धारेचं, खळाळतं नव्हतं, म्हणून मी यंत्र उचललं आणि मुलींच्या वसतिगृहाकडं गेले.

तिथं न्हाणीघरात एक मुलगी केस धूत होती. साबण लावतानाही तिनं तोटी चालूच ठेवली होती. माझा हात आपोआप बंद करायला गेला, मग आठवलं की आपण कशाला आलोय. बादली ठेवली, तोटी पूर्ण फिरवली, यंत्र धरलं. पाणी असं पडायला लागलं की मला बघवेना. बादली भरली आणि वरून वाहायला लागली. तेव्हाच ती मुलगी खोकली, रेकॉर्डिंग गेलं. बादली रिकामी करून पुन्हा सुरुवात करायची होती. चांगलं भरलेलं पाणी मोरीत ओतायचं म्हणजे मला सुचेना. आधी मी तोंड धुतलं, हात धुतले, पाय धुतले, ओढणी भिजवली. तरी बादली अर्धी. मग तशीच उचलून बाहेर नेली आणि कुंपणाजवळच्या कडुलिंबाला घातली. दुसऱ्यांदा लावताना मागं वळून बघितलं, लातूरचं कुणी बघत नाही ना. मला एवढी लाज परीक्षकांपुढंही वाटली नव्हती.

सरांनी जोडून दिलं. खाकरणं गेलं, तिथं पाणी आलं. बाईंनी शेवट ऐकला आणि मान हलवली. "बघ," म्हणाल्या, "आता कुणालाही कळेल." आणि पास केलं. बऱ्या मार्कांनी केलं. मी त्यांना नमस्कार केला आणि एसटी स्टँडवर येऊन पहिल्या गाडीत बसले. आनंद झाला का म्हणाल तर झाला. पण कुणाचं तरी ढापून आणल्यासारखा झाला.

अप्पांनी शब्द पाळला. मी चपला काढायच्या आत त्यांनी धर्माबादला फोन लावला, पोरगी पुढं शिकायचं म्हणतीय, माफी असावी म्हणाले, उदगीर जिल्हा झाला की गाठी पडतीलच असंही काहीतरी म्हणाले. अव्वा दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. फोन ठेवला तेव्हा ती आत गेली, माझ्यासाठी ताट वाढलं, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली.

मग म्हणाली, "आवडला का त्या बाईला आपला नळ?"

मी तिच्याशी खोटं बोलायला गेले आणि जमलं नाही. "न्हाई अव्वा. काढायला लावला. पाणीच ऐकव म्हणाल्या."

"मंग कुठलं लावलंस?"

"नांदेडचं. वसतिगृहातलं."

"ऐकव की."

"तूच म्हणलीस, घरात वाजवायचं न्हाई."

"ते आपलं. ह्याला कोण उठतंय?"

लॅपटॉप उघडला. खिडकी तशीच उघडी होती. बाप ओरडला, पाहुणे ओरडले, मुलगी म्हणाली मला एक सांगू द्या, आणि पाणी सुरू झालं. भरून, मोकळं, बादलीत पडणारं. गल्लीत कुणी हललं नाही. समोरच्या काकू दारात लसूण निवडत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. अव्वा ड्रमाला पाठ टेकून बसली होती, हात मांडीवर. पाणी संपलं.

"परत लाव," ती म्हणाली. "बोलणं नगं. तेवढंच लाव."

मी तेवढंच लावलं. तिनं डोळे मिटले. संपलं तसं तिनं बोटानं खुणावलं, अजून. मी लावलं. मला रडू यायला लागलं होतं, आणि तिचे डोळे मिटलेले होते म्हणून बरं.

"धर्माबादला असंच वाजत होतं," अव्वा म्हणाली. "त्या बाईचं बरोबर हाय गं. पाणी म्हणजे हे."

मी पुन्हा लावलं.